अंतर न देता

२०२० सालचा जून. शाळा बंद होत्या, पण शाळेचं वर्ष सुरू झालं होतं. मी तेव्हा सोलापूरच्या पूर्व भागातल्या एका शाळेत सहावीला गणित शिकवत होतो. सकाळी दहाला पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर धडा टाकायचा, सोबत चार गणितं द्यायची, असा शिरस्ता बसवला होता. साडेदहापर्यंत दोघातिघांनी तो पाहिलेला दिसायचा. दुपारी तेवढेच, संध्याकाळीही तेवढेच. मग रात्री साडेनऊच्या सुमारास निळ्या खुणा एकामागून एक उमटू लागायच्या आणि अकरा-साडेअकरापर्यंत वह्यांचे फोटो येत राहायचे. अंधारात काढलेले, अर्धे सावलीत बुडालेले. पहिले काही दिवस मला वाटलं, पोरं आळसावली. एका आईला फोनवर जरा कडकच बोललो. ती म्हणाली, "सर, फोन ह्यांच्याबरोबर जातो. हे कारखान्यातून आले की पोरगी घेते. तोवर तिचे डोळे मिटायला लागतेत."

त्या एका वाक्याने माझं वेळापत्रक मोडलं. मोडलं ते बरंच झालं.

हे पुस्तक शाळेबाहेरून शाळा चालवण्याविषयी आहे. सरकारी कागदावर त्याला कधी ऑनलाइन शिक्षण म्हणतात, कधी दूरशिक्षण, कधी दूरस्थ शिक्षण. सोलापूर जिल्ह्यातल्या शिक्षकांनी आपापल्या वर्गांसाठी लिहिलेली ही टिपणं एकत्र आली, तेव्हा प्रस्तावना लिहायचं काम माझ्याकडे आलं. मी तंत्रज्ञ नाही. निवृत्त झालो तेव्हाही प्रोजेक्टर लावायला मला आठवीतला एक मुलगा लागत असे. तरी हो म्हटलं, कारण टिपणं वाचताना लक्षात आलं की यातल्या चांगल्या टिपणांचा विषय यंत्र नाहीच. दिवसभरात फोन कुणाच्या खिशात असतो, घरात वाचता येणारं माणूस कोण, केलेला अभ्यास परत आला की तो बघतं कोण, असल्याच प्रश्नांशी ती झटत आहेत.

देशभरचे आकडे आधी सांगून टाकतो, म्हणजे ते वाटेत अडखळणार नाहीत. ग्रामीण भारतात शिकणाऱ्या मुलांच्या घरी स्मार्टफोन असण्याचं प्रमाण २०१८ मध्ये ३६.५ टक्के होतं, ते २०२० च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये ६१.८ टक्क्यांवर गेलं, असं 'असर' या ग्रामीण शिक्षणाच्या पाहणीत दिसलं. दोन वर्षांत एवढी उडी. कुणी कर्ज काढलं, कुणी कानातलं मोडलं, पण फोन घेतला. आणि त्याच पाहणीत हेही दिसलं की पाहणीच्या आधीच्या आठवड्यात शाळेकडून अभ्यासाचं काही ना काही साहित्य मिळालं होतं ते दर तीन मुलांमागे साधारण एकालाच. फोन पोचला होता, शाळा पोचली नव्हती. घरात फोन आहे का एवढंच विचारून थांबणाऱ्या पाहण्यांवर माझा विश्वास तेव्हापासून कमी झाला. फोन घरातल्या एका माणसाचा असतो. घराचा असतो तो नळ.

असं सगळं चाललेलं असताना आमच्या शहरात एक गोष्ट घडली आणि तिने मला विचार करायला लावलं. अक्कलकोट रस्त्याकडे नीलमनगर आहे. कापडाच्या कारखान्यांत काम करणाऱ्या कुटुंबांची दाट वस्ती. तिथल्या आशा मराठी विद्यालयाच्या शिक्षकांनी वस्तीतल्या सुमारे ३०० घरांच्या बाहेरच्या भिंती रंगवून घेतल्या आणि त्यांवर पहिलीपासून दहावीपर्यंतचे धडे लिहून काढले. अक्षरं, पाढे, सूत्रं, इंग्रजी वाक्यं, विज्ञानाच्या आकृत्या. मुलांनी जाता-येता वाचावं, अंतर राखून उभं राहावं, वहीत उतरवावं. बातमी देशभर गेली. भिंतीला रिचार्ज लागत नाही, असं सगळ्यांनीच कौतुकाने लिहिलं.

ते खरंच आहे, पण मला भिंतीची दुसरीच बाजू महत्त्वाची वाटते. भिंत गल्लीत असते. तिच्यासमोर उभं राहून पोरगं मोठ्याने वाचू लागलं की ते दारात बसलेल्या आजीला ऐकू जातं. तिसरीतला चुकला तर मागून जाणारा नववीतला त्याला हटकू शकतो. फोनच्या पडद्यावर वाकलेलं पोर एकटं असतं. आत धडा चाललाय की गेम, हे शेजारच्यालाही कळत नाही. भिंतीवरचा अभ्यास उघड्यावर होतो, म्हणून त्यात दुसरं माणूस आपोआप येतं. धडा कुणी रंगवला हेही गल्लीला माहीत असतं. गुरुजी इथवर आले, उन्हात उभे राहिले, हे मुलांनी पाहिलेलं असतं.

भिंतीचं गुणगान एवढ्यावर थांबवायला हवं. भिंत प्रश्न विचारत नाही. तिचं पान उलटत नाही. सातवीचा धडा ज्या गल्लीत आहे तिथे सातवीतलं पोर राहत असेलच असं नाही. आणि दिवाळीत चुना मारायचा हक्क शेवटी घरमालकाचा. भिंतींनी शाळेची जागा घेतली असं कुणी म्हणत असेल तर तो भाबडेपणा झाला. मुलं शिकणं विसरणार नाहीत एवढी सोय त्यांनी केली, आणि त्या दिवसांत तेवढंही फार होतं.

सोलापूरकराला घरबसल्या कामाची रीत नवी नाही, हे मला याच सुमारास सुचलं. आमच्याकडे हजारो बायका घरी बिड्या वळतात. कारखान्यातून तेंदूची पानं, तंबाखू, दोरा आणायचा, मांडीवर सूप घेऊन उंबऱ्यात बसायचं, हजाराचा हिशेब पुरा करून दुसऱ्या दिवशी माल जमा करायचा. तिथे तो तपासला जातो. माल जाण्याची वाट आहे तशी परत येण्याचीही आहे, आणि ती रोजची आहे. आम्ही शिक्षकांनी २०२० मध्ये जे केलं त्यात जाण्याची वाट तेवढी होती. व्हिडिओ जा, लिंक जा, पीडीएफ जा. परतीच्या वाटेवर कुणी उभंच नव्हतं.

उपमा इथे सोडतो, कारण पुढे ती लंगडते. बिडीची तपासणी खराब माल बाजूला काढण्यासाठी, मजुरी कापण्यासाठी होते. त्या बायकांनी त्याविरुद्ध मोर्चे काढलेत. वही तपासायची ती चूक कुठे झाली हे कळायला. पण रीत म्हणून पाहा. या पुस्तकात दक्षिण सोलापूरकडच्या एका शिक्षिकेचं टिपण आहे. त्यांनी ऑनलाइन वर्ग तिसऱ्या आठवड्यात बंदच केला. दर सोमवारी झेरॉक्सच्या दोन पानांचा गठ्ठा किराणा दुकानात ठेवायचा, शनिवारी तिथूनच भरलेली पानं उचलायची आणि रविवारी प्रत्येक पानावर लाल शाईने निदान एक ओळ लिहायची. 'बरोबर', 'छान' असलं काही नाही, त्या मुलासाठीची एक ओळ. 'हातचा घ्यायला विसरलास, मागचं उदाहरण परत बघ.' बाई लिहितात, चौथ्या आठवड्यापासून मुलं शनिवारी दुकानापाशी थांबून राहू लागली, त्यांना मागच्या पानावरची लाल ओळ हवी असायची. या सगळ्या पुस्तकातला सगळ्यात स्वस्त प्रयोग हाच, आणि मला विचाराल तर सगळ्यात आधुनिकही.

आधुनिक का म्हणतो, त्यासाठी थोडं मागे जावं लागेल.

लांबून शिकवण्याचा भारतातला सर्वांत मोठा प्रारंभीचा प्रयोग सोलापूरच्या शिवेला लागून झाला, हे आमच्या फार थोड्या शिक्षकांना ठाऊक असतं. १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ असं एक वर्ष अमेरिकेचा एटीएस-६ हा उपग्रह भारताने वापरायला घेतला आणि सहा राज्यांतल्या सुमारे २४०० गावांत दूरचित्रवाणी संच बसवले. त्याला 'साइट' म्हणत. महाराष्ट्र त्यात नव्हता. पण कर्नाटकातले जे तीन जिल्हे निवडले ते विजापूर, गुलबर्गा आणि रायचूर. त्यातले पहिले दोन आमच्या जिल्ह्याला खेटून आहेत. तारेच्या जाळीची मोठी ताटली छपरावर, खाली शाळेत किंवा चावडीत संच. सकाळी शाळकरी मुलांसाठी प्रत्येक भाषेत साडेबावीस मिनिटांचा कार्यक्रम, संध्याकाळी मोठ्यांसाठी शेती, आरोग्य वगैरे.

साडेबावीस मिनिटं! २०२० मध्ये आमच्याकडे पहिलीतल्या पोरांना तासतासभर पडद्यासमोर बसवणाऱ्या शाळा होत्या. तिथे मुख्य चिंता असायची ती युनिफॉर्मचा शर्ट घातलाय की नाही याची.

'साइट'मधला मला आवडणारा भाग वेगळाच आहे. त्याच वर्षात सुट्टीच्या दिवसांत दोन खेपांना मिळून जवळपास ४८ हजार प्राथमिक शिक्षकांचं विज्ञान विषयाचं प्रशिक्षण याच संचांवरून झालं. त्यात नुसता पडदा नव्हता. छापील पुस्तिका होती, रेडिओ होता, करून बघायचे प्रयोग होते आणि प्रत्येक केंद्रावर चर्चा घडवून आणणारा एक माणूस होता. उपग्रह आकाशात सोडणाऱ्यांनाही कळलं होतं की खाली, संचाशेजारी, कुणीतरी बसायला हवं.

पुढे इन्सॅट उपग्रहांच्या काळात राज्याराज्यांत शैक्षणिक तंत्रज्ञानाच्या संस्था निघाल्या. महाराष्ट्राची 'बालचित्रवाणी' १९८४ मध्ये पुण्यात सुरू झाली. तिचे कार्यक्रम पाहिलेली पिढी आता पन्नाशीकडे झुकलीय. अनेक वर्षं आजारी राहून ती २०१७ मध्ये बंद झाली. तीनच वर्षांनी राज्याला घरबसल्या शिकवणाऱ्या दूरचित्रवाणीची अशी गरज पडली की जुलै २०२० मध्ये एमकेसीएल नॉलेज फाउंडेशनची 'टिलीमिली' मालिका सह्याद्री वाहिनीवर आणावी लागली. मालिका चांगली होती, पहिली ते आठवीच्या मुलांनी घरातल्या वस्तू घेऊन, घरातल्या माणसांबरोबर करायचे अनुभव तिच्यात होते. पण विहीर बुजवून झाल्यावर तहान लागावी, तसं आमचं झालं एवढं मात्र खरं.

आणि मोठ्यांचं दूरशिक्षण म्हणाल तर त्याचं घर नाशिकला आहे. यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ १९८९ मध्ये स्थापन झालं, राम ताकवले पहिले कुलगुरू. 'ज्ञानगंगा घरोघरी' हे त्याचं ब्रीद. बारावी न झालेल्यालाही पूर्वतयारीच्या अभ्यासक्रमातून पदवीकडे जाता येईल अशी वाट त्यांनी काढली. सोलापुरात यंत्रमागावर रात्रपाळी करून मुक्त विद्यापीठाचे पदवीधर झालेले लोक माझ्या ओळखीत आहेत. त्यांना विचारा, काय उपयोगी पडलं? पुस्तकं, म्हणतात, कारण ती स्वतः वाचून कळावीत अशी लिहिलेली होती. आणि अभ्यासकेंद्रावरचा रविवार. तिथे आपल्यासारखे आणखी चाळीसजण भेटायचे. मुक्त विद्यापीठाने तीस वर्षांत जे कमावलं होतं, ते शाळांनी २०२० मध्ये उघडूनही पाहिलं नाही. स्वयंअध्ययनाचं साहित्य कसं लिहायचं, वाक्यं किती लहान ठेवायची, प्रश्न मध्येच कुठे पेरायचा, हे सगळं मराठीत उपलब्ध होतं. आम्ही मात्र फळ्यासमोर मोबाईल उभा केला आणि पूर्वीचाच तास रेकॉर्ड केला.

आता परितेवाडी. सोलापूर आणि नवं तंत्रज्ञान हे शब्द एका वाक्यात आले की माढा तालुक्यातल्या या गावाचं नाव येणारच. तिथल्या जिल्हा परिषद शाळेतले शिक्षक रणजितसिंह डिसले यांना ३ डिसेंबर २०२० रोजी ग्लोबल टीचर प्राइझ जाहीर झालं. हा मान मिळवणारे ते पहिले भारतीय. दहा लाख डॉलरचं पारितोषिक, त्यातली निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतल्या इतर नऊ शिक्षकांत वाटून टाकली. पाठ्यपुस्तकात क्यूआर कोड छापण्याची त्यांची कल्पना आधी राज्याने उचलली, २०१७ मध्ये. मग एनसीईआरटीच्या पुस्तकांतही ती आली. आज बालभारतीच्या पुस्तकात तो काळा-पांढरा चौकोन दिसला नाही तर चुकल्यासारखं वाटतं.

पण वर्तमानपत्रांनी चौकोनाचं जेवढं कौतुक केलं तेवढं दुसऱ्या एका गोष्टीचं केलं नाही. डिसले २००९ मध्ये त्या शाळेत रुजू झाले तेव्हा इमारत मोडकळीला आलेली, शेजारी गुरांचा गोठा, आणि अनेक मुलांच्या घरात बोलली जाणारी भाषा कन्नड, पुस्तकं मात्र दुसऱ्या भाषेत. त्यांनी आधी कन्नड शिकून घेतली. पुस्तकं मुलांच्या भाषेत आणली आणि त्यानंतर त्या पुस्तकांना कोड जोडले, म्हणजे कविता ऐकता येईल, गोष्ट पाहता येईल. 'अलार्म ऑन, टीव्ही ऑफ' नावाचा त्यांचा आणखी एक उपक्रम होता. संध्याकाळी ठरलेल्या वेळी गजर वाजला की घरोघरचे टीव्ही बंद आणि आईबापांनी मुलाजवळ बसायचं. क्यूआर कोड राज्यभर गेला, कारण तो छापता येतो. कन्नड शिकणारा शिक्षक आणि गजर होताच टीव्ही बंद करणारी आई छापून पाठवता येत नाहीत, म्हणून ती परितेवाडीतच राहिली.

क्यूआर कोडच्या चौकोनात धडा नसतो, धड्याचा पत्ता असतो. पत्त्यावर जायला फोन लागतो, रेंज लागते, आणि त्या पत्त्यावर कुणी राहत असावं लागतं. पत्ता बदलला तरी छापलेला चौकोन तसाच राहतो. आमच्या शाळेत एका पोरीने पुस्तकातले सगळे चौकोन रंगीत खडूंनी भरून टाकले होते, एकेक खाना वेगळ्या रंगाचा. मी विचारलं तर म्हणाली, सर, रांगोळी काढायला दिलीय ना ही?

भाषेचा मुद्दा निघालाच आहे तर तो जरा सविस्तर मांडतो, कारण या पुस्तकातली निम्मी टिपणं तिथेच येऊन अडखळतात. सोलापूर शहरात सकाळी मुलगा घरी तेलुगू बोलतो, गल्लीत कन्नड ऐकतो, मित्राशी दख्खनी उर्दूत भांडतो आणि वर्गात येऊन मराठी वाचतो. त्याची मराठीही पुस्तकातली नसते. 'काय करलालास बे?' ही आमची मराठी. वर्गात बसलेला शिक्षक हे सगळे सांधे न बोलता जुळवतो. एखादा शब्द अडला की तो पोराच्या चेहऱ्यावर पाहतो, तेलुगू शब्द टाकतो आणि पुढे जातो. राज्यासाठी म्हणून एकदाच तयार केलेला व्हिडिओ हे करू शकत नाही. तो शुद्ध, सुंदर, संथ मराठीत बोलत राहतो आणि पूर्व भागातल्या चौथीच्या मुलाला त्यातलं अर्धं कळत नाही. कळलं नाही हे सांगायला त्याला कुणी सापडत नाही. 'दीक्षा' या सरकारी शैक्षणिक व्यासपीठावर सामग्री कमी नाही, उलट खच पडलाय. पण निवडणारा शिक्षक मध्ये नसेल तर तो खच मुलाच्या अंगावर कोसळतो.

यावर एका तरुण शिक्षकाने सुचवलेला उपाय मला फार आवडला. व्हिडिओ कुणाचाही असू दे, त्याच्या आधी शिक्षकाचा स्वतःच्या आवाजातला एका मिनिटाचा निरोप जायला हवा. मुलांची नावं घेऊन, त्यांच्या बोलीत. 'आता यात एक शब्द येईल, बाष्पीभवन. घाबरू नका. टॉवेल वाळतो ना गच्चीवर, तेच.' टॉवेलच्या गावाला याहून चांगलं बाष्पीभवन कुणी सांगावं? असे आवाजी निरोप छोटे असतात, साध्या डेटावर उतरतात, आणि आजीच्या कानाला लावूनही ऐकता येतात.

इथे एक कबुली द्यायला हवी. मी सुरुवातीला ऑनलाइन शिकवण्याला हसणाऱ्यांतला होतो. ते चूक होतं. वर्गात वर्षभर तोंड न उघडणाऱ्या एका मुलाने मला फोनवर, रात्री, कुजबुजत, अपूर्णांकांचा असा प्रश्न विचारला की मी दुसऱ्या दिवशी उत्तर शोधून ठेवलं. चाळीस जणांसमोर बोलायची त्याला भीती होती, माझी भीती नव्हती. मासिक पाळीत किंवा आजारपणात घरी राहणाऱ्या मुली, पाय मोडून पडलेला पोरगा, धाकट्याला सांभाळायला घरी ठेवलेली थोरली, यांच्यासाठी शाळेकडे पूर्वी काहीच नव्हतं. चार दिवसांनी आल्यावर शेजारणीची वही उतरवून घे, एवढंच. आता काहीतरी आहे, आणि शाळा उघडल्यावर आम्ही ते अडगळीत टाकलं, याचं मला वाईट वाटतं. पालकांचे ग्रुप उरले ते सहलीची वर्गणी आणि सुट्टीची सूचना टाकायला.

किती नुकसान झालं, हा प्रश्न मला नेहमी विचारतात. शाळा मार्च २०२० मध्ये बंद झाल्या. नववी ते बारावीचे वर्ग नोव्हेंबरच्या अखेरीस उघडू लागले, पाचवी ते आठवीचे २०२१ च्या जानेवारीत, मग दुसरी लाट, पुन्हा बंद, ऑक्टोबरपासून पुन्हा हळूहळू सुरू. लहानांची पाळी सगळ्यात शेवटी आली, आणि वाचायला शिकण्याचं वय नेमकं त्यांचंच होतं. 'असर'च्या देशपातळीवरच्या आकड्यांत तिसरीतली दुसरीचा उतारा वाचू शकणारी मुलं २०१८ मध्ये २७.३ टक्के होती, २०२२ मध्ये २०.५. आधीचा आकडाही मिरवावा असा नव्हता, हे विसरू नये. दुसऱ्या टोकाला दहावी. २०२० मध्ये भूगोलाचा पेपर रद्द होऊन इतर विषयांच्या सरासरीवर गुण दिले गेले. २०२१ मध्ये परीक्षाच झाली नाही, अंतर्गत मूल्यमापनावर निकाल लागला, ९९.९५ टक्के. त्या वर्षी पेढे वाटणाऱ्यांचे चेहरे मला आठवतात. आनंदी होते, पण कसला आनंद करायचा ते नीट कळत नव्हतं. वर्षभर मुलाला काय येतं हे पाहायची दुसरी कुठलीच सवय आम्ही लावून घेतली नव्हती, ते त्या निकालाने उघडं पाडलं.

'दूरशिक्षण' हा शब्द मला रुचत नाही. मराठीत दूर हे लोटलं जातं, ठेवलं जातं, केलं जातं. त्यापेक्षा 'अंतर' शब्द बघा. सोलापूर ते पंढरपूर ते अंतर, दोन भावांच्या वयात असतं ते अंतर, आणि मरायला टेकलेली आई थोरल्याच्या हातात धाकट्याचा हात देऊन म्हणते ना, 'याला अंतर देऊ नकोस', तेही अंतरच. किलोमीटरमधलं अंतर कितीही असलं तरी अंतर न देता राहता येतं. आणि बाकावर हाताच्या अंतरावर बसलेल्या पोराला वर्षभर अंतर दिलेले शिक्षकही मी पाहिलेत. आरशातही एकदोनदा पाहिलेत. या पुस्तकाचं नाव मी सुचवलं असतं तर यातूनच सुचवलं असतं. संपादकांनी विचारलं नाही.

पुस्तकाबद्दल दोन शब्द परखडपणे. काही टिपणं फार उत्साही आहेत. कुठल्या अ‍ॅपवर कसं लॉगिन करायचं याची चित्रं देण्यात चार पानं गेली आहेत, आणि ती अ‍ॅप पुस्तक छापून होईतो बदललेली असतील. ती पानं चाळून सोडा. एका टिपणात सगळ्या मुलांनी कॅमेरा चालू ठेवलाच पाहिजे असा आग्रह आहे. मला तो पटत नाही. एका खोलीत सहा माणसं राहतात, मागे आजोबा झोपलेत, यंत्रमाग खटखटतोय, दोरीवर कपडे आहेत. हे सगळं वर्गाला दाखवायची सक्ती मुलावर का? तो बोलतोय, ऐकतोय, वही पाठवतोय, एवढं पुरे.

वेळापत्रकावरचं टिपण मात्र आवर्जून वाचा. आधी मुलाच्या घराचा दिवस कागदावर मांडायचा, माग कधी थांबतो, पाणी कधी येतं, फोन कधी घरी येतो, आणि मग शाळेचा तास कुठे बसतो ते शोधायचं, अशी त्याची पद्धत आहे. सोलापुरात नळाला पाणी येण्याचा दिवस हा अभ्यासाचा दिवस नसतो, हे ज्याला माहीत नाही त्याने इथल्या मुलांचं वेळापत्रक करू नये.

एक प्रकरण या पुस्तकात नाही आणि ते असायला हवं होतं. संपादकांना मी तसं सांगितलंही. सोलापूर जिल्ह्यात साखर कारखान्यांची रांगच आहे. दरवर्षी दिवाळीच्या आगेमागे गळीत हंगाम सुरू झाला की मराठवाड्यातून ऊसतोडीची कुटुंबं माळशिरस, पंढरपूर, माढ्याच्या फडांवर येतात. बैलगाड्या, ट्रॅक्टर, कोपी, आणि कोपीत पोरं. त्यांच्या गावची शाळा पाच-सहा महिने त्यांच्यापासून लांब पडते, आणि इथली शाळा फडापासून दोन कोस. कोरोनाच्या आधी हे होतं, कोरोनात होतं, आजही आहे. खऱ्या अर्थाने लांबून शिकायची गरज असलेली मुलं तीच, आणि ऑनलाइन हा शब्द उच्चारायला २०२० उजाडावं लागलं, तोही दुसऱ्यांच्या मुलांसाठी.

शिक्षण हमी कार्ड नावाची सोय आहे. स्थलांतर करणाऱ्या मुलासोबत गावच्या शाळेने कार्ड द्यायचं, इथल्या शाळेने ते पाहून त्याला वर्गात घ्यायचं. कार्डावर मुलाला कुठवर येतं ते लिहिता येतं. पण कार्ड अनेकदा बापाच्या पिशवीतच राहतं. आता प्रत्येक शिक्षकाकडे फोन आहे. गावच्या बाईंनी फडाजवळच्या शाळेतल्या गुरुजींना महिन्यातून दोनदा फोन करावा, पोराला पलीकडून एकदा हाक मारावी, त्याने काय वाचलं ते ऐकावं, एवढी सोय करायला ना सर्व्हर लागतो ना अ‍ॅप. गावची बाई सुट्टीनंतर विचारणार आहे हे त्या पोराला माहीत असलं, तर तो फडावरही वही जपून ठेवील.

पुढच्या आवृत्तीत हे प्रकरण घालायचं संपादकांनी कबूल केलं आहे. ते लिहायला मला कुणी शिक्षक हवा आहे. फडाजवळच्या शाळेतला एक आणि गावाकडचा एक, असे दोघं मिळून लिहितील तर उत्तम. हंगाम सुरू व्हायला अजून थोडे दिवस आहेत.